परकीय साप व वसईचा परिसर

परकीय साप : एखाद्या प्रदेशाच्या मूळ प्राणिजातात नसलेला, परंतु मानवी व्यवहारांमुळे जाणूनबुजून अथवा नकळत तेथे पोहोचलेला साप त्या प्रदेशापुरता परकीय समजला जातो. अशा सापाच्या बाबतीत तीन अवस्था वेगळ्या मानाव्या लागतात. पहिली आगमनाची, दुसरी तग धरण्याची व तिसरी वंश वाढविण्याची होय. एखादा साप अनोळखी मुलखात काही महिने किंवा काही वर्षे जगला, एवढ्यावरून त्याची जात तेथे रुजली असे म्हणता येत नाही. पिलांना पिले होऊन बाहेरून नवी भर न पडताही संख्या टिकून राहिली, म्हणजेच ती जात त्या प्रदेशात स्थिरावली असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. बहुसंख्य परकीय साप दुसऱ्या अवस्थेच्या पुढे जात नाहीत. जे थोडे गेले, त्यांनी मात्र काही बेटांचे व प्रदेशांचे प्राणिजीवन कायमचे पालटून टाकले आहे. या विषयाचा विचार करण्यास पालघर जिल्ह्यातील वसई-विरार हा परिसर दोन कारणांनी उपयुक्त ठरतो. जगात सर्वांत दूरवर पसरलेला साप येथील बागायती मातीत मूळचाच आहे आणि परदेशी सापांच्या चोरट्या व्यापाराचे एक मोठे प्रवेशद्वार, म्हणजे मुंबईचे विमानतळ, येथून फारसे दूर नाही.

भूमी व इतिहास : वसईच्या दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर अशी या भागाची चतुःसीमा आहे. यातील सोपारे हे प्राचीन शूर्पारक बंदर होय. तेथील स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. अशोकाच्या शिलालेखांचे अवशेषही तेथे मिळाले आहेत. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. दोन हजार वर्षांहून अधिक काळ या किनाऱ्यावर परमुलखातील गलबते लागत आली आहेत. गलबतांबरोबर माल येतो, तशीच माती, रोपे, बी-बियाणे, उंदीर आणि किडेही येतात. अननस, काजू, पपई, पेरू, मिरची व तंबाखू या अमेरिकेतील वनस्पती पोर्तुगीजांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर आल्या आणि त्या इतक्या रुजल्या, की त्यांचे परकेपण आता कोणास आठवतही नाही.

वनस्पतींच्या मानाने सापांचे आगमन फारच विरळ होते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळी, नारळ, नागवेल, भाजीपाला व फुले यांच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्या गेल्या. राजेळी केळ्यांपासून केलेली वसईची सुकेळी प्रसिद्ध आहेत. विरारपासून मुंबईपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये धावू लागल्यावर येथील भाजी व फुले रोज मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. वाड्यांतील ओलावा, पालापाचोळा, शेणखताचे ढीग व उंदीर-बेडकांची रेलचेल यांमुळे येथे सापांना आश्रय व अन्न या दोन्ही गोष्टी मिळत आल्या. नाग, मण्यार, घोणस, धामण, दिवड, नानेटी, कवड्या, तस्कर व अजगर हे येथील परिचित साप होत. तुंगारेश्वराच्या जंगलात चापडा व हरणटोळही आढळतात. यांशिवाय आणखी एक साप येथे विपुल आहे. मात्र बहुतेक लोक त्याला साप म्हणून ओळखतच नाहीत. तो म्हणजे वाळा होय.

वाळा : फुलझाडाची कुंडी उपसताना, केळीचा गड्डा खणताना किंवा पहिल्या पावसानंतर न्हाणीघराच्या मोरीत गांडुळासारखा वळवळणारा, काळसर तपकिरी, चकचकीत असा हा जीव असतो. लांबी सामान्यतः १० ते १५ सेंमी. असते. डोळे खवल्यांखाली दबलेल्या दोन ठिपक्यांसारखे दिसतात. शेपूट तोंडाइतकेच बोथट असून त्याच्या टोकाशी बारीक काटा असतो. त्यामुळे याचे तोंड कोणते व शेपूट कोणते हे चटकन कळत नाही. मुंग्या व वाळवी यांची अंडी, अळ्या आणि कोश हे याचे अन्न होय. हा बिनविषारी असून माणसास याच्यापासून कसलाही अपाय होत नाही.

स्कॉटिश वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ पॅट्रिक रसेल यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवरचा आपला ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात विशाखापटनम येथील या सापाचे वर्णन व चित्र असून त्यांनी नोंदविलेल्या तेलुगू नावाचा अर्थ ‘दोन डोक्यांचा साप’ असा आहे. त्या वर्णनावरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फ्रांस्वा दोदँ यांनी १८०३ मध्ये याला शास्त्रीय नाव दिले. पुढे हा साप दीर्घकाळ टिफ्लॉप्स ब्रॅमिनस या नावाने ओळखला जात होता. २०१४ पासून याचा समावेश इंडोटिफ्लॉप्स या प्रजातीत करण्यात येतो. याच्या निकटच्या आप्त जाती द्वीपकल्पीय भारत व श्रीलंका या भागांत असल्यामुळे याचे मूळस्थान दक्षिण आशियातच असावे, असे मानले जाते.

निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांमध्ये या सापाचे नमुने जमत गेले, तेव्हा अभ्यासकांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. तपासलेले सर्व नमुने माद्यांचेच होते. नराशिवाय या जातीचा वंश चालत असावा, असा तर्क मॅक्डॉवेल यांनी १९७४ मध्ये मांडला. नुसबाउम यांनी सेशेल्स बेटांवरील नमुन्यांच्या आधारे १९८० मध्ये त्यास पुष्टी दिली. १९८७ मध्ये झालेल्या गुणसूत्रांच्या अभ्यासात हा साप त्रिगुणित असल्याचे आढळले, म्हणजे याच्या पेशींत गुणसूत्रांचे नेहमीचे दोन संच नसून तीन संच असतात. नराच्या संयोगावाचून फलित न झालेल्या अंड्यांपासून संतती होण्याच्या या प्रकारास अनिषेकजनन म्हणतात. मादी थोडीच अंडी घालते व त्यांतून निघणारी पिले आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ आईसारखीच असतात.

या वैशिष्ट्याचा प्रसाराशी सरळ संबंध आहे. अन्य कोणत्याही सापाची वसाहत सामान्यतः दोन जिवांवाचून उभी राहत नाही. वाळ्याच्या बाबतीत कुंडीतील एक मादी, किंबहुना मुळांभोवतीच्या मातीतील एक अंडेही, पुरते. रोपे व शोभेची झाडे यांच्या मुळांशी असलेल्या मातीतून हा साप आफ्रिका, पूर्व आशिया, पॅसिफिक बेटे, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे पोहोचला. हवाई बेटांवर याची नोंद १९३० मध्ये झाली. फिलिपीन्समधून आणलेल्या झाडांच्या मातीतून तो तेथे आला असावा. फ्लॉरिडात तो १९७० नंतरच्या दशकात आढळला व आता तेथे सर्वत्र रुजला आहे. अलीकडे भूमध्य समुद्रातील काही बेटांवरही त्याच्या नोंदी झाल्या आहेत. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर आढळणारा हा जगातील सर्वाधिक विस्तार असलेला साप होय. तो वसईहूनच बाहेर गेला, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या प्रकारच्या मातीतून व ज्या प्रकारच्या व्यवहारातून तो गेला, ती माती व तो व्यवहार वसईच्या वाड्यांना परका नाही.

ग्वॉमचा धडा : वाळ्याच्या प्रसाराने कोठे मोठा उत्पात झाल्याचे दिसत नाही. याच्या अगदी उलट उदाहरण पश्चिम पॅसिफिकमधील ग्वॉम बेटाचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ॲडमिरॅल्टी बेटांतील मॅनस येथून येणाऱ्या लष्करी सामानातून तपकिरी वृक्षसर्प या बेटावर आला. आपल्याकडील मांजऱ्या सापाच्या प्रजातीतीलच, म्हणजे बॉयगा प्रजातीतील, ही जात आहे. त्यापूर्वी ग्वॉमवर वाळ्यावाचून दुसरा कोणताही साप नव्हता. त्यामुळे झाडावर चढून घरटी लुटणाऱ्या शत्रूची तेथील पक्ष्यांना सवय नव्हती. पक्षी नाहीसे होऊ लागले, तेव्हा रोग, कीटकनाशके अशी अनेक कारणे सुचविली गेली. हा सापच मुख्य कारण असल्याचे ज्यूली सॅव्हिज यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले, पण तोवर जंगलातील बहुतेक स्थानिक पक्षी बेटावरून नष्ट झाले होते. विजेच्या तारांवर चढणाऱ्या या सापांमुळे बेटाचा वीजपुरवठाही वारंवार खंडित होत असे. साप आला तो थोड्या संख्येने, आणि लक्षात आला तो तीस-पस्तीस वर्षांनी, हा या घटनेतील महत्त्वाचा भाग आहे.

फ्लॉरिडातील अजगर : बेट नसलेल्या भूमीवरही असे घडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील एव्हरग्लेड्झ या दलदलीच्या प्रदेशाचे आहे. हौसेखातर पाळलेले, नंतर आवाक्याबाहेर वाढल्यामुळे सोडून दिलेले अथवा निसटलेले ब्रह्मी अजगर तेथे १९७९ पासून अधूनमधून दिसत होते. परंतु त्यांची प्रजा तेथे स्थिरावल्याचे २००० मध्ये मान्य झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार तेथे रॅकून ९९.३ टक्के, ऑपॉसम ९८.९ टक्के व बॉबकॅट ८७.५ टक्के इतके कमी दिसू लागले होते. जानेवारी २०१० मधील कडाक्याच्या थंडीत अनेक अजगर मेले, तरी जात टिकून राहिली. पूर्वी ब्रह्मी अजगर व भारतीय अजगर या एकाच जातीच्या दोन उपजाती मानल्या जात. २००९ पासून त्या स्वतंत्र जाती मानण्यात येऊ लागल्या. फ्लॉरिडातील सु. ४०० अजगरांच्या आनुवंशिक तपासणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १३ अजगरांत भारतीय अजगराच्या वंशाची खूण सापडली. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी आढळणाऱ्या अजगराचे रक्तसंबंधी अशा रीतीने पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस परकीय ठरले आहेत.

अन्य उदाहरणे : कानेरी बेटांपैकी ग्रान कानेरिया येथे कॅलिफोर्नियातील किंगस्नेक हा पाळीव साप १९९८ पासून मोकळ्या रानात आढळू लागला. बेटावरील मोठ्या आकाराच्या स्थानिक सरड्यांची संख्या त्यामुळे फार घटली. जपानच्या ओकिनावा बेटावर तैवानमधील एक विषारी साप मद्यात घालण्यासाठी व मुंगसाशी झुंजीचे खेळ दाखविण्यासाठी आणला जात असे. त्यांतील निसटलेल्यांची वसाहत तेथे झाली. वेल्समधील कॉल्विन बे येथे १९७० नंतरच्या दशकात प्राणिसंग्रहालयातून निसटलेल्या एस्क्युलेपियन सापांचा वंश अद्याप टिकून आहे. तेथील हवा या सापांना वास्तविक थंड पडते, परंतु घरांच्या पोकळ्या व कुजणाऱ्या पालापाचोळ्याचे ढीग यांच्या उबेत ते निभावून नेतात. एखाद्या प्रदेशाचे सरासरी तापमान प्रतिकूल असले, तरी माणसाने नकळत निर्माण केलेला उबदार कोपरा सापास पुरतो, असे यावरून दिसते.

स्थिरावण्याची कारणे : या सर्व उदाहरणांचा एकत्र विचार केल्यास काही समान गोष्टी आढळतात. हवामान मूळ प्रदेशाशी जुळणारे असावे लागते. अंडी उबण्यास योग्य ऊब व ओल मिळावी लागते. भक्ष्य मुबलक आणि या शत्रूशी अपरिचित असावे लागते. मुंगूस, घार, घुबड व साप खाणारे इतर साप यांसारखे भक्षक थोडे असतील, तर पिले जगण्याचे प्रमाण वाढते. बेटांवर या गोष्टी एकत्र येतात. म्हणून स्थिरावलेल्या परकीय सापांची अनेक ठळक उदाहरणे बेटांवरची आहेत. सर्वांत महत्त्वाची बाब मात्र आगमनाच्या वारंवारतेची असते. एकदा सुटलेला एक साप बहुधा निपुत्रिकच मरतो. तेच साप वर्षानुवर्षे, अनेक घरांतून सुटत राहिले, तर नर व मादी यांची गाठ पडण्याचा संभव वाढत जातो. शिवाय अनेक जातींच्या माद्या नराचे शुक्राणू शरीरात दीर्घकाळ साठवून ठेवू शकतात. त्यामुळे एकटी आलेली मादीही कधीकधी अंडी किंवा पिले देते. एरवी नराच्या संयोगाने वंश चालविणाऱ्या सापांतही क्वचित अनिषेकजनन घडते. अमेरिकेतील रानटी मंडली सापांत ते घडल्याचे २०१२ मध्ये सिद्ध झाले आहे. तथापि असे प्रसंग विरळ असून त्यांवर वाळ्यासारखा वंशविस्तार उभा राहिल्याचे दिसत नाही.

वसई-विरारची आजची स्थिती : वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. वाड्या, खाजणे व मिठागरे यांच्या शेजारी इमारतींची दाटी झाली. कचऱ्यावर वाढणारे उंदीर आणि त्यांच्यामागे येणारे साप वस्तीत वारंवार दिसू लागले. परकीय सापाची प्रजा या परिसरात स्थिरावल्याची नोंद नाही. येथील परिस्थितीकडे पाहता ती कधीच स्थिरावणार नाही, असे मात्र म्हणता येत नाही. दमट व उष्ण हवा, हिवाळ्यातील सौम्य थंडी आणि बारमाही मिळणारे उंदीर ब्रह्मी अजगरासारख्या सापास मानवण्याजोगे आहेत. चोरट्या व्यापारात आढळणारा पश्चिम आफ्रिकेतील बॉल अजगर उष्ण प्रदेशातलाच आहे, पण तो एका वेळी थोडीच अंडी घालतो व त्याची वाढ सावकाश होते. उत्तर अमेरिकेतील कॉर्न स्नेक हा उंदीर खाऊन वस्तीजवळ राहणारा साप आहे. या दोघांनाही येथे मुंगूस, घार, नाग व मण्यार यांच्याशी सामना द्यावा लागेल. धामण व नाग यांनी व्यापलेल्या उंदरांच्या बिळांत त्यांना जागाही करून घ्यावी लागेल. मूळच्या सापांनी भरलेले रान परकीय सापास सहजासहजी वाव देत नाही. त्यामुळे धामण मारली, की पोकळी परक्यासाठी मोकळी होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ब्रह्मी अजगराच्या बाबतीत दुसराही धोका संभवतो. तो भारतीय अजगराशी संकर करू शकतो व त्यामुळे मूळ जातीची शुद्धता बिघडू शकते.

धोका केवळ वन्यजीवांपुरता मर्यादित नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईस आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात खाद्यपदार्थांच्या पुड्यांत लपविलेले बॉल अजगर व कॉर्न स्नेक सापडले. हे बिनविषारी होते. जून २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे मात्र इंडोनेशियातील ४४ विषारी मंडली साप व शेपटीच्या टोकाशी कोळ्यासारखा आकार असलेल्या शिंगाळ्या मंडली जातीचे ३ साप आढळले. भारतात मिळणारे बहुसंयोजी सर्पप्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांपासून तयार केले जाते. आपल्याच जंगलातील चापड्याच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही. मग परदेशी विषारी सापाचा दंश झाल्यास ग्रामीण रुग्णालयातील वैद्यासमोर कोणतेही योग्य औषध नसणार, हे उघड आहे. अशा सापांपैकी एखादा निसटला, तर तो प्रजा निर्माण न करताही एखाद्याचा जीव घेऊ शकेल.

देशांतर्गत स्थलांतर : परकेपणा केवळ राष्ट्राच्या सीमेवरून ठरत नाही. नागपंचमीच्या सुमारास दूरच्या जिल्ह्यांत पकडलेले नाग गारुडी मुंबई व आसपासच्या शहरांत आणीत असत. विषदंत मोडलेले व उपाशी ठेवलेले असे जप्त केलेले नाग नंतर जवळच्या जंगलात सोडले, तरी त्यांतील बरेच जगत नाहीत. घरात शिरलेला साप पकडून लांबच्या डोंगरात सोडण्याची पद्धतही याच विचाराने तपासली पाहिजे. सापास आपल्या परिसरातील बिळे, पाणवठे व भक्ष्याच्या जागा परिचयाच्या असतात. अनोळखी जागी सोडलेले साप दिशाहीन भटकतात व त्यांतील मृत्यूचे प्रमाण वाढते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून पकडलेला साप शक्यतो पकडल्या ठिकाणाजवळच्या योग्य अधिवासात सोडावा, असे तज्ञ सुचवितात.

कायदा : वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये प्रामुख्याने देशी प्राण्यांचा विचार होता. परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी ते स्वेच्छेने जाहीर करावेत, अशी सूचना केंद्र शासनाने जून २०२० मध्ये काढली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली, आंतरराष्ट्रीय कराराखालील प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची जोडण्यात आली. त्यांची नोंदणी बंधनकारक झाली आणि आक्रमक परकीय जातींचे नियंत्रण करण्याचा अधिकार शासनास मिळाला. मात्र कायद्याची पकड विमानतळावर व विक्रेत्याच्या दुकानात जेवढी बसते, तेवढी रात्रीच्या वेळी खाडीकाठी पिशवी रिकामी करणाऱ्या कंटाळलेल्या हौशी माणसावर बसत नाही.

समारोप : परकीय साप मोकळ्या रानात जगू शकतात काय व त्यांची वीण होऊ शकते काय, या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर होकारार्थी, परंतु सशर्त आहे. बहुतेक साप मरतात, काही तग धरतात व फार थोडे स्थिरावतात. कोणता साप स्थिरावेल हे त्याच्या आकारावरून किंवा उग्रपणावरून सांगता येत नाही. सर्वाधिक यशस्वी ठरलेला वाळा हा करंगळीपेक्षाही बारीक व निरुपद्रवी आहे. ग्वॉम व फ्लॉरिडा या दोन्ही ठिकाणी साप प्रथम दिसण्याचा काळ आणि त्याची वीण मान्य होण्याचा काळ यांत कित्येक वर्षांचे अंतर पडले. त्यानंतर मोठा खर्च करूनही कोठेच त्याचे संपूर्ण निर्मूलन साधले नाही. वसई-विरारसारख्या परिसरात ते अंतर भरून काढण्याचा उपाय एकच आहे. येथील मूळ साप लोकांना नीट ओळखता आले पाहिजेत. जो माणूस धामण, नानेटी व कवड्या यांना नावाने ओळखतो, त्यालाच वाडीतील पाचोळ्यात दिसलेला अनोळखी साप वेगळा असल्याचे कळेल व तो न मारता, न सोडता वनखात्यास कळविता येईल.